झोकांडे उभे राहतात

ताईंचा फोन आला तेव्हा झोकांडे गॅलरीत उभ्याउभ्या मरत होते. एका मालिकेत त्यांना न्यायाधीशाची भूमिका मिळाली होती, आणि या न्यायाधीशाला दुसऱ्याच भागात, निकाल वाचता वाचता, हृदयविकाराचा झटका येणार होता. छातीवर हात, डोळे पांढरे, गुडघे हळूहळू वाकताहेत, एवढ्यात आतून सासूबाई ओरडल्या, "जावईबापू, मरण जरा थांबवा, फोन वाजतोय!"

झोकांडे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हतं. ते एका दारुड्या शिंप्याचं नाव होतं, आणि तो शिंपी पूर्वी कितीतरी वर्षं रोज संध्याकाळी टीव्हीवरून घराघरात यायचा. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, आणि दर भागाच्या शेवटी एक झोकांडी. डावा पाय उजवीकडे, उजवा डावीकडे, मधलं धड तिसरीकडेच, आणि आता पडणार, आता पडणार म्हणता म्हणता गडी अलगद शिवणयंत्रापुढच्या स्टुलावर जाऊन बसायचा, जणू पहिल्यापासून तिथेच बसायचं ठरलं होतं. लोक हसून लोळायचे. पुढे मालिका संपली, शिंपी संपला, पण झोकांडी काही सुटली नाही. रक्त तपासायला गेलं तर सुई धरलेली बाई म्हणायची, "हात हलवू नका हं झोकांडे," आणि स्वतःच इतकी हसायची की सुई हलायची. चुलत्याच्या मयताला गेले तर मागून कोणीतरी कानाशी लागलं होतं, "साहेब, एकच झोकांडी. मोबाईल चालूच आहे."

आता यातली मेख अशी, की ती झोकांडी अर्धी अभिनयाची होती आणि अर्धी खरीच. शिंपी प्यायचा आणि शिंपी करणाराही प्यायचा. सेटवर कोणाला दोघांतला फरक कळायचा नाही, आणि मालिका जोरात असेपर्यंत कोणाला तो जाणून घ्यायचाही नव्हता. मग एक दिवस झोकांडे सरकारी इस्पितळाच्या व्यसनमुक्ती वॉर्डात दाखल झाले, बरेच दिवस राहिले, आणि बाहेर आले ते कोरडे ठणठणीत. त्यालाही आता पाच-सहा वर्षं होऊन गेली होती. बाटलीकडे पुन्हा वळून पाहिलं नव्हतं.

पण विनोदाकडेही पाहिलं नव्हतं. विनोदी भूमिका चालून आली की ते संहिता न वाचताच परत पाठवायचे. लोकांना हसवायचं ते मी, की माझ्यातली दारू? उत्तर माहीत नव्हतं, आणि शोधायची छाती नव्हती. म्हणून ते न्यायाधीश व्हायचे, डॉक्टर व्हायचे, नायिकेचे वडील व्हायचे, आणि बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या भागात मरायचे. समीक्षक लिहायचे, "संयत अभिनय." तो शब्द वाचला की झोकांडेंना आपण खरंच वारल्यासारखं वाटायचं.

तर फोन. ताई म्हणजे शहरातल्या मोठ्या, पण सध्या सत्तेबाहेर असलेल्या पक्षाच्या अध्यक्षा. त्यांना पक्षातलेही ताई म्हणायचे आणि विरोधकही, फक्त सूर वेगळा असायचा.

"झोकांडे, उभे राहता का?" ताईंनी थेट विचारलं.

"उभाच आहे मी. गॅलरीत."

"अहो तसं नव्हे! निवडणुकीला!"

झोकांडेंचा न्यायाधीश तिथल्या तिथे मेला. कानात शिट्ट्या वाजू लागल्या. टाळ्यांचा कडकडाट म्हणजे काय ते अंगाला आठवलं, आणि अंगाला आठवलेली गोष्ट डोक्याच्या बापाला आवरत नाही. ते फोन धरून गॅलरीतून स्वयंपाकघरात, तिथून पुन्हा गॅलरीत अशा येरझाऱ्या घालत राहिले आणि दर वाक्याला "हो ताई" म्हणत राहिले.

दुपारी बायको जेवायला घरी आली. तिचं मोटार शिकवण्याचं स्कूल होतं. शिकवण्याच्या गाडीत तिच्या बाजूलाही एक ब्रेक बसवलेला होता, आणि नवशिक्यांच्या शेजारी बसून बसून तिच्या स्वभावातच एक ब्रेक आला होता. या धंद्यात कशी आलात, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "नवरा प्यायचा. गाडी घरी कोणीतरी आणायला नको? मग वाटलं, एवढ्या अवघड प्रवाशाला घेऊन शिकले, तर इतरांना शिकवणं म्हणजे किस झाड की पत्ती!"

ती चप्पल काढते न काढते तोच झोकांडे पुढे धावले. "अगं, मला उभं करताहेत!"

"कोण? कुठे पडलात?"

"निवडणुकीला! ताईंनी स्वतः फोन केला!"

बायको आधी खुर्चीवर टेकली. पाण्याचा ग्लास घेतला, अर्धा प्यायली, खाली ठेवला. सासूबाई मात्र वर्तमानपत्राच्या आडून म्हणाल्या, "मी मत देणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. माझा पक्ष वेगळा आहे. जावई घरात, मतपेटीत नाही."

"आई, थांब जरा," बायको म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, "राजकारणातलं काय कळतं हो तुम्हाला?"

"ओ की ठो नाही."

"मग?"

झोकांडे खुर्चीत बसले. उतावीळपणा जरा खाली बसला आणि खरी गोष्ट बाहेर आली. गेल्या आठवड्यात ते बऱ्याच वर्षांनी इस्पितळात आपल्या जुन्या डॉक्टरीणबाईंना भेटायला गेले होते. वॉर्डाला कुलूप. दाराच्या काचेतून पाहिलं तर खाटा नाहीत, फक्त खुर्च्या. मोडक्या, सरकारी, एकावर एक, छतापर्यंत. डॉक्टरीणबाईंची बदली झालेली. बाहेरच्या बाकावर एक माणूस आपल्या भावाला धरून बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता, "हे कधी उघडतं?"

"तो वॉर्ड बंद झाला?" बायकोने विचारलं. तिचा आवाज एकदम खाली गेला होता.

"झाला. आणि मी त्या माणसाला काय म्हटलं असेल? काही नाही. त्याने मला ओळखलं, हसला, म्हणाला, 'झोकांडे ना तुम्ही?' मी मान डोलावली आणि सुटलो. अगं, लोक माझं ऐकतील. निदान बघतील तरी. मग त्यांना काही सांगायला काय हरकत आहे?"

बायकोने उरलेलं पाणी संपवलं. "सांगा मग," ती म्हणाली. "पण मी शेजारी बसणार. आणि ब्रेक माझ्या पायाखाली."

पक्षाच्या कचेरीत एक लांब टेबल, त्यावर थंड होत चाललेले चहाचे कप, आणि भिंतीवर ताईंचे पाच फोटो, पाचही हसरे. शेजारी पक्षाचे सरचिटणीस बसले होते. हा माणूस हसायच्या आधी ताईंकडे पाहून घ्यायचा. ताईंनी बेत सांगितला. बाजाराच्या चौकात सभा. झोकांडेंनी व्यासपीठावर यायचं, झोकांडी घालायची, आणि म्हणायचं, "सध्याचा कारभार असा चाललाय!" बस्स. तिथेच उमेदवारी जाहीर.

"आणि मला व्यसनमुक्तीच्या वॉर्डाबद्दल बोलायचंय," झोकांडे म्हणाले.

"बोला की! आरोग्य म्हणजे आमचा जिव्हाळ्याचा विषय."

सरचिटणीसांना एकाएकी खोकला आला. झोकांडेंनी त्यांच्यापुढे पाणी सरकवलं आणि त्या खोकल्याचा विचार केला नाही.

सभेच्या दिवशी चौक तुडुंब भरला होता. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं, गच्च्यांवर माणसं, विजेच्या खांबाच्या चौथऱ्यावर माणसं. झोकांडे व्यासपीठावर चढले आणि नटाच्या सवयीने आधी फळ्यांवर पाय दाबून पाहिले. तिसरी फळी करकरत होती. तळव्यांना मुंग्या आल्या. कितीतरी वर्षांनी टाळ्यांची भीती नव्हे, भूक वाटत होती. समोर पहिल्या रांगेच्या कडेला बायको, तिच्या शेजारी सासूबाई. सासूबाई दुसऱ्या पक्षाच्या असूनही पहिली रांग पकडायला सगळ्यांआधी येऊन बसल्या होत्या.

"बंधुभगिनींनो," झोकांडेंनी सुरुवात केली, आणि चौक हसला.

ते थांबले. "मी आज एका गंभीर विषयावर बोलणार आहे." चौक आणखी हसला. "दारू हा विनोद नाही." यावर तर लोकांनी शिट्ट्याच मारल्या. खांबावरून कोणीतरी ओरडलं, "झोकांडी!" आणि मग सगळा चौक टाळ्यांच्या ठेक्यावर "झो-कां-डी! झो-कां-डी!" करू लागला. ताई मागून पुटपुटल्या, "करून टाका हो एकदा, मग बोला निवांत."

झोकांडे माईकपासून एक पाऊल मागे सरले. वाटलं, ही गर्दी आपल्याला ऐकायला नाही, त्या शिंप्याला बघायला आलीय. नाही म्हणावं आणि खाली उतरावं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने ब्रेक लावला नाही. हनुवटी किंचित वर केली, नवशिक्याला चढावर म्हणते तशी: घ्या, गाडी पुढे घ्या.

आणि झोकांडेंनी झोकांडी घातली.

काय सांगावं! डावा पाय उजवीकडे गेला, उजवा डावीकडे, धड तिसरीकडे, आणि सगळं अगदी जिथल्या तिथे, आपल्या हुकमात. पूर्वी शरीर कुठे जाईल ते त्यांनाच ठाऊक नसायचं, लोक हसले की कळायचं बरोबर पडलो. आज प्रत्येक स्नायू त्यांना विचारून हलत होता. पडता पडता त्यांनी सरचिटणीसांच्या खुर्चीचा हात पकडला, सरचिटणीस दचकून उठले, आणि झोकांडे अलगद त्या खुर्चीत जाऊन बसले. चौक फुटला. माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडू लागली. त्या आवाजात झोकांडेंना वेड लागायचं तेवढं बाकी राहिलं होतं. हसू आपलंच होतं! बाटलीने त्यावर नुसतं स्वतःचं नाव लावलं होतं!

ते उठले, आणि आता माईक त्यांच्या हातात असा बसला जणू तिथेच उगवला होता.

"ही टीव्हीवरची," ते म्हणाले. "आता घरची बघा." त्यांनी हवेत किल्ली धरली आणि हवेतलं कुलूप शोधू लागले. कुलूप डावीकडे सरकलं, किल्ली मागे गेली. कुलूप वर गेलं. त्यांनी कुलपाला दम भरला, मग गोंजारलं, मग त्याची माफी मागितली. शेवटी शेजाऱ्यांचं दार उघडलं, तेही मागच्या बाजूचं. गच्चीवरची एक बाई हसता हसता डोळे पुसत होती.

"मग कसाबसा आपल्या घरात शिरलो. दिवाणखान्यात माझी मुलगी बसली होती. एवढीशी. मी दारातून आत आलो तो असा," त्यांनी झोकांडी घातली, "आणि जमिनीवर पडलो. तिने टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, बाबा टीव्हीवरचं करून दाखवताहेत. म्हणाली, 'पुन्हा!'"

चौकातलं हसू अर्ध्यावर थांबलं. कुठेतरी दुकानाचं शटर खडखडलं तेही ऐकू आलं. झोकांडेंनी ती शांतता धरून ठेवली. शांतता धरता येते हेही ते विसरले होते.

"मी काय करणार? मी नट! वन्स मोअर आला की नट नाही म्हणत नाही. उठलो, आणि पुन्हा केली!"

आणि हसू परत आलं, पण हे वेगळं होतं. जरा ओलं, जरा आपापल्या घरात डोकावून आलेलं.

मग ते वॉर्डाबद्दल बोलले. तिथल्या जमिनीवर आखलेली एक रेघ होती, तिच्यावरून सरळ चालायला लावायचे. "या चौकातले सगळे माझी झोकांडी करू शकतात. सरळ चालून दाखवा! त्यासाठी मला त्या वॉर्डात राहावं लागलं. आज त्या वॉर्डाला कुलूप आहे. आत माणसं नाहीत, खुर्च्या आहेत. छतापर्यंत."

"बंद कोणी केला ते विचारा की!" पायऱ्यांवरून एक जाडजूड माणूस ओरडला. "मागच्या खेपेला सत्ता कोणाची होती? विचारा ताईंना!"

झोकांडेंना आता तो खोकला आठवला. ते वळले. ताईंच्या चेहऱ्यावर सहावा फोटो होता, पण कडा जरा हलत होत्या. सरचिटणीस माईक बंद करायच्या खाणाखुणा करत होते. चौक गप्प. झोकांडेंना कळत होतं की उमेदवारी या क्षणी अगदी काचेच्या भांड्यासारखी हातात आहे. आणि तरीही, खरं सांगायचं तर, त्यांना हे सगळं विलक्षण आवडत होतं. एवढे श्रोते, एवढी शांतता, आणि पुढचं वाक्य आपलं!

"ताई," ते मऊ आवाजात म्हणाले, "खरंय का हो?"

ताई मुरलेल्या होत्या. त्या उठल्या, माईकजवळ आल्या आणि म्हणाल्या, "झोकांडे, सगळ्यांसमोर मला रेघेवर चालायला लावताय!" चौक हसला. टायमिंग अचूक होतं, झोकांडेंनी मनातल्या मनात दाद दिली. "हो. बंद आमच्या काळात झाला. जागेची अडचण होती."

"बरोबर आहे," झोकांडे म्हणाले. "राजकारणात आधी खुर्च्यांना जागा करावी लागते."

असा हशा त्या चौकाने कधी ऐकला नसेल. सासूबाई तर उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या. ताईही हसल्या, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं, आणि त्याच हशात त्यांनी जाहीर करून टाकलं की निवडून आलो तर आधी तो वॉर्ड उघडू. उमेदवारीचा मात्र कोणी उल्लेख केला नाही. व्यासपीठाच्या पायऱ्या उतरताना ताईंनी झोकांडेंचा हात हातात घेतला. "तुम्ही फार गुणी आहात," त्या म्हणाल्या. "पण आमच्या कामाचे नाही." त्यात राग नव्हता. उमेदवारी पुढे सरचिटणीसांच्या मेहुण्याला मिळाली.

परतताना गाडी बायकोच चालवत होती. झोकांडे शेजारी बसून नुसते उसळत होते. "बघितलंस? त्या शांततेनंतर मी केवढा थांबलो! अजून जरा थांबायला हवं होतं का? आणि कुलपाची माफी, ती तर मला तिथेच सुचली!"

"पट्टा लावा," बायको म्हणाली. थोड्या वेळाने सिग्नलला गाडी थांबली तेव्हा समोर बघतच म्हणाली, "मुलीचं ते मला कधी सांगितलं नव्हतं."

"सांगायला तोंड नव्हतं."

"हं," ती म्हणाली, आणि सिग्नल सुटल्यावर गिअर टाकायच्या आधी क्षणभर तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मागे बसलेल्या सासूबाईंनी खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखं पाहिलं.

घरी पोचतात तोच मुलीचा फोन. ती दुसऱ्या शहरात नोकरी करायची. चौकातला व्हिडिओ तिच्यापर्यंत त्यांच्याआधी पोचला होता.

"बाबा, एक दुरुस्ती आहे," ती म्हणाली. "मला तेव्हा टीव्हीवरचं वाटलं नव्हतं."

झोकांडे उभे होते ते खाली बसले. "मग पुन्हा का म्हणालीस?"

"तुम्ही पडून राहिला होतात. कितीही हाका मारल्या तरी हलत नव्हतात. पुन्हा म्हटलं की उठायचात. एवढं मला कळलं होतं."

झोकांडेंनी फोनमध्येच नाक ओढलं. पलीकडून मुलगी हसून म्हणाली, "रडू नका हो. फार छान केलंत. ते कुलपाचं तर मी चार वेळा पाहिलं." आणि मग बापलेक बराच वेळ त्या कुलपावरच बोलत बसले, कारण बाकीचं बोलायला पुढे सवड होती.

व्हिडिओ गावभर झाला. विरोधकांनी तो आपल्या सभेत दाखवला आणि वॉर्ड आम्हीच उघडू म्हणून शपथ घेतली. ताईंच्या पक्षाने त्याहून मोठ्याने घेतली. निवडणुकीत ताई थोडक्यात निवडून आल्या आणि वॉर्ड खरोखर उघडला, पूर्वीपेक्षा निम्म्या खाटांचा. खुर्च्या बाहेर बोळात आल्या आणि आता इस्पितळात येणारी माणसं त्यांवर बसतात. सासूबाई ठामपणे सांगतात की हे यश त्यांच्या पक्षाचं आहे.

आणि झोकांडे? त्यांना सभेच्या दुसऱ्याच दिवशी एका तरुण दिग्दर्शिकेचा फोन आला. एका विसराळू विमा एजंटाचं दोन अंकी विनोदी नाटक होतं. त्यांनी संहिता एका बैठकीत वाचली, न्यायाधीशाच्या मालिकेला नकार कळवला, आणि तालमीच्या पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन बंद नाट्यगृहाच्या पायरीवर बसून राहिले.

पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. पहिल्या अंकात हशा असा आला की दोनदा संवाद थांबवावे लागले. मध्यंतरात झोकांडे रंगपटात आरशासमोर बसले होते, घामाने निथळत, डोळे लखलखत. दार ढकलून बायको आत आली.

"कसं वाटलं?"

"चांगलं आहे. पण ते छत्रीचं लांबतंय."

"लांबतंय? लोक कोसळत होते!"

"दोनदा कोसळले. तिसऱ्यांदा तुमच्यासाठी हसले. मी पाहत होते ना. तिसऱ्यांदा छत्री उघडू नका, नुसती उघडायला जा, आणि राहू द्या."

"अगं, तिसऱ्यांदा उघडण्यातच तर सगळी गंमत आहे!"

"तुम्हाला. तुमच्याने थांबवत नाही, म्हणून लांबवता."

"तू गाडी शिकवतेस की नाटक?"

"गाडीतही हेच सांगते. कुठे थांबायचं ते आधी ठरवा, मग निघा."

ते उत्तर द्यायला तोंड उघडणार तेवढ्यात दुसऱ्या अंकाची घंटा झाली. झोकांडेंनी टॉवेल तिच्या हातात फेकला, छत्री उचलली, "बघतो, बघतो!" म्हणत बोळात पळाले, आणि विंगेत उभ्या असलेल्या दिग्दर्शिकेला धापा टाकत म्हणाले, "ऐका, छत्रीचं एक नवीन सुचलंय!"